पाचव्या खड्ड्यातली माती

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एक्याऐंशी, पेशाने मृदापरीक्षक, राष्ट्रीय मृदाविज्ञान व भूसंधारण परिषदेचा आजीव सभासद आणि नऊ वर्षे तिचा सरचिटणीस, माझ्या मागे काय कोणाकडे जावे हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणायला घरात कोणी उरलेलेही नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यात फुफ्फुसांबद्दल जे लिहिले आहे ते वाचले की मी घाई का करतो आहे ते कळेल. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी फारच सज्जन दिसत होतो.

कलम १. बँकेतली सर्व शिल्लक आणि तिच्या आईचे दागिने माझ्या मुलीला. पुढील कलमांतून जे काही उरेल किंवा कायद्याने परत येईल तेही तिलाच. ती दूर राहते, रविवारी फोन करते आणि दर वेळी म्हणते, "बाबा, सोडा ना आता ते." तिचे माझ्यावर प्रेम आहे म्हणून म्हणते. पण ते सोडायचे कुठे, हे तिला कधी सांगता आले नाही.

कलम २. माती काढायचे गिरमिट, चाळण्या, तराजू आणि मातीचा रंग जुळवायची पट्टी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेला. सर्वांत बारीक चाळणी एका कडेला फाटली आहे, तिच्यावर विसंबू नये. परिषदेने दिलेले सुवर्णपदक हवे त्याने न्यावे. मी त्याच्यावर आम्लाचा थेंब टाकून पाहिला आहे. पितळ आहे.

कलम ३. माझ्याकडे मातीचे दोनशे बारा उभे काप आहेत. जमिनीत दीड मीटर खोल गेल्यावर थर जसे दिसतात तसेच ते लाकडी फळ्यांवर चिकटवले आहेत. ते जमवायला माझी छत्तीस वर्षे आणि पाठीचे दोन मणके गेले. परिषदेला ते नव्या इमारतीच्या दालनात लावायचे आहेत. परिषदेच्या त्रैमासिकाचे संपादक त्यासाठी तीनदा घरी येऊन गेले. संपादक माझेच विद्यार्थी. त्यांचा प्रबंध अर्धा मी लिहिला आहे, हे मी आजवर कोणाला सांगितले नव्हते.

काप परिषदेला द्यावेत, पण एका अटीवर. खालचे कलम ४ त्रैमासिकाच्या पहिल्या पानावर, एक शब्दही न गाळता, छापून आले पाहिजे. माझ्या मृत्यूनंतर एक वर्षात ते आले नाही, तर फळ्या फोडून सगळी माती कलम ४ मधल्या उताराच्या पायथ्याशी नेऊन टाकावी. हाच मजकूर मी दुरुस्ती म्हणून तीन वेळा पाठवला आणि तीनही वेळा तो परत आला. शेवटच्या वेळी संपादक म्हणाले, "सर, इतक्या वर्षांनी कुणाला काय फरक पडणार आहे? परिषदेचं नाव जाईल, आणि तुमचंही." ज्याला फरक पडतो तो माझ्या घरापासून दोन बसथांब्यांवर राहतो.

कलम ४. छापायचा मजकूर. तेवीस वर्षांपूर्वी शहराबाहेरच्या उतारावर कामगारांची वसाहत बांधायची होती. उतार टिकेल का, याचा दाखला परिषदेकडे मागितला गेला आणि तपासणीला मी गेलो. पाच ठिकाणी खड्डे घेतले. शेताची कस-तपासणी करताना आम्ही पाच खड्ड्यांतली माती एका कापडावर कालवतो, ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून देतो आणि किलोभर उरेपर्यंत हेच करत राहतो. खत किती घालायचे ते ठरवायला ही सरासरी पुरते. उताराला ती चालत नाही. उतार सरासरीने कोसळत नाही, जिथे कच्चा असतो तिथून कोसळतो. हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळते. मलाही कळत होते. पण परिषदेच्या पुस्तिकेत "पाच खड्डे, एक नमुना" असे छापलेले होते, आणि ती पुस्तिका मी लिहिली होती.

खड्डे खोदायला परिषदेचा कायमचा माणूस होता. सगळे त्याला कुदळ्या म्हणत. पाचव्या खड्ड्यातून त्याने करडी माती वर काढली, थुंकीने भिजवली आणि बोटांत चोळली. म्हणाला, "साहेब, ही साबणासारखी लागतेय. ही त्यांच्यात नका घालू. वेगळी पिशवी करा." मी म्हणालो, "पुस्तिका तू लिहिलीस की मी?" तो हसला नाही. मी माझ्या हाताने ती माती कापडावर ओतली आणि कालवली. चार खड्ड्यांच्या चांगल्या मातीत पाचव्याची नाहीशी झाली. प्रयोगशाळेचा निकाल उत्तम आला. "उतार स्थिर, बांधकामास योग्य" या वाक्याखाली माझी सही आहे.

सातव्या वर्षी सलग चार दिवस पाऊस लागला आणि पाचव्या खड्ड्याच्या वरचा भाग खाली आला. एकोणीस माणसे गेली. त्यांत कुदळ्याचा मेहुणा होता.

परिषदेने चौकशी समिती नेमली. अहवालाचा मसुदा मी लिहिला. त्यात असे आहे: "खोदकाम कर्मचाऱ्याने परस्पर नमुने मिसळल्याचे दिसते. त्या वेळी तो नशेत असण्याची शक्यता नाकारता येत नाही." तो कधी पीत नसे. त्याचा जबाब घेतला नाही. त्याला कामावरून काढले. मेहुण्याला नेताना वस्तीच्या लोकांनी त्याला खांदा देऊ दिला नाही. त्याची बायको तेव्हापासून माहेरी गेली नाही, कारण माहेर त्याच वस्तीत होते. ती वारली तेव्हा तिच्या माहेरचे कोणीही आले नाही.

नमुने मी मिसळले. शुद्धीत मिसळले. खोटे मी लिहिले. मजकूर समाप्त.

कलम ५. माझे राहते घर, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि वरची गच्ची, कुदळ्याला. मागची भिंत ओल धरते.

कलम ६. हे कलम आज, सह्यांना बसलो असताना लिहीत आहे. वकीलबाईंनी कलम ५ बद्दल कुदळ्याला पत्र पाठवले होते. ते घेऊन तो आज सकाळी स्वतःच आला. सोळा वर्षांनी समोरासमोर. मी बस म्हणालो, तो बसला नाही.

"घर नको," तो म्हणाला. "घर घेतलं तर लोक म्हणतील, बघा, दोघं सामील होते. आत्तापर्यंत निदान फुकट बदनाम होतो."

"मग तुला काय देऊ?"

"एकोणीस माणसं द्या."

मी त्याची माफी मागितली. त्याने ऐकली. नंतर वकीलबाईंना विचारले, "साक्षीदार कोण आहेत?"

एक शेजारचे कंपाउंडर हजर होते. दुसरे, निवृत्त पोस्टमन, पाय मुरगळल्यामुळे येऊ शकत नव्हते.

"मग मी करतो सही."

वकीलबाई म्हणाल्या, "काका, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. तुम्ही सही केलीत तर घर गेलंच म्हणून समजा."

"तेच तर म्हणतोय."

मी वकीलबाईंना कलम ५ खोडायचे का विचारले. त्याने नको म्हटले. ते तसेच राहू द्या, लोकांना कळू दे की दिलं होतं आणि घेतलं नाही. म्हणून ते तसेच ठेवले आहे. घर कायद्याने कलम १ मध्ये, म्हणजे मुलीकडे जाईल. तिने मागच्या भिंतीचे बघावे.

मग त्याने साक्षीदाराने काय लिहायचे असते ते विचारून घेतले. वकीलबाईंनी सांगितले की दोनच गोष्टी: सही आपल्यासमोर झाली, आणि करणारा शुद्धीवर होता. आणखी काही लिहिले तर चालेल का, असे त्याने विचारले. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "लिहू नये असं कायद्यात कुठे नाही."

मी सही केली आहे. कागद त्याच्याकडे देत आहे.

सही: मृदापरीक्षक
स्थळ: राहते घर, पुढची खोली
दिनांक: आठवा महिना, एकोणीस तारीख, दुपारी साडेबारा

साक्षीदार पहिला: वरील सही माझ्यासमोर झाली. सही करणारे शुद्धीवर होते.
सही: कंपाउंडर, शेजारी

साक्षीदार दुसरा: वरील सही माझ्यासमोर झाली. सही करणारे शुद्धीवर होते. पाचवा खड्डा घेतला त्या दिवशीही ते शुद्धीवर होते. मीही होतो.
सही: खड्डे खोदणारा