लाल सील

१२ एप्रिल १९८७
आणला! टू-इन-वन, रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र. म्हापशाहून पेडण्यापर्यंत मांडीवर घेऊन बसले. रस्त्याने हाडं खिळखिळी केली, पण खोका टेकू दिला नाही.

बांबोळीच्या इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, जूनमध्ये ऑपरेशन. आईच्या घशातली गाठ काढतील, आणि तिच्याबरोबर आवाजही. येताना बसमध्ये आई म्हणाली, "पुढल्या पुसात धालांक रांगेच्या पुढां कोण रवतलां गो?" पौषात बायका धालो नाचतात त्या अंगणात, मांडावर, आई गाण्याची ओळ घालते, मग बाकीच्या बायका उचलतात. ती गाणी कुठेच लिहिलेली नाहीत. म्हणून हे यंत्र.

आईने आधी त्याला कुंकू लावलं! नवी वस्तू ना. बोट पाठीमागच्या लाल कागदी सीलवरून थेट यंत्राच्या पाठीवर ओढलं. मग गायली. तीन गाणी, कॅसेटची बाजू संपत आली. शेवटी मला काहीतरी विचारलं. माझं लक्ष बटणाकडे.

मागे फिरवून लावलं — काही नाही. रेडिओसुद्धा मुका. आई पदर तोंडाला लावून हसली. "माका गिळलां काय गो तेणां?"

१५ एप्रिल
दुकानात दिला. वॉरंटी कार्डावर बारा महिने आहेत. शेठ म्हणाले, सील तुटलं की गॅरंटी गेली, कोणाला हात लावू देऊ नका.

२ मे
परत मिळाला. शेठनी त्यांच्याच सिनेमाच्या कॅसेटवर वाजवून दाखवला. खणखणीत! घरी आणला — मुका.

शंभूदादा आला होता. बाजारात रेडिओ दुरुस्त करतो. "बाय, उघडूक दी. दोन मिनटां." मी नाही म्हटलं. "सील म्हणजे काय देवाचो कौल गो?"

शेवंतीमावशी म्हणते, सरपंचाकडचा मागून आण. का मागायचा? आपला हक्क आहे, कार्डावर छापलाय. इंग्रजी वाचता येणारी या घरात मी पहिलीच. मीच कायदा मोडू?

९ मे
पुन्हा दुकान. आईला आता पाणी गिळतानासुद्धा दुखतं.

३० मे
गोवा राज्य झालं! आणि कालच यंत्र परत आलं. कार्डावर दुसऱ्यांदा शिक्का — 'दुरुस्त'.

शेठ म्हणाले, तापल्यावर बंद पडत असेल, बराच वेळ चालवून बघा. आईला कशाला त्रास? कॅसेट रिकामीच, तीच सुरुवातीला फिरवून घातली आणि मीच वर्तमानपत्र वाचलं. राज्याची बातमी, मग अग्रलेख, अगदी स्पष्ट उच्चारात. वीसेक मिनिटं. लावलं — शून्य. एवढा राग आला की कॅसेट कपाटात भिरकावली.

आई घोगऱ्या आवाजात म्हणाली, "तुका राज्य गावलां, माका आवाज नाय." थट्टाच केली तिने. मला हसता आलं नाही.

२ जून
तिसऱ्यांदा. आज मी काउंटरवर ओरडले. गेल्या वर्षी ग्राहकांचा कायदा झालाय म्हटलं. शेठ म्हणाले, "शिकलेल्या मुलींनी शांत बोलावं." कंपनीला तीन पानी पत्र टाकलं.

८ जून
बांबोळी. उद्या ऑपरेशन. आईने विचारलं, "इलो काय गो तो?" दुकानातून नाही आला.

"मगे वही घे." कुजबुजत एकेक ओळ सांगत गेली. नऊ गाणी उतरली. शब्द आहेत. चाल नाही.

९ जून
झालं.

१ जुलै
आई घरी. हातात पाटी. मला पाटी वाचून दाखवावी लागत नाही, पण शेवंतीमावशीला लागते.

यंत्र आलं. तिसरा शिक्का. घरी आणलं — मुकं.

शंभूदादाने ते उलटं केलं आणि सीलवर बोट ठेवलं. "सुप्रिया, हांगा बघ."

आईच्या कुंकवाची रेघ. सीलवरून यंत्राच्या पाठीवर गेलेली, कुठेही न तुटता, एप्रिलमध्ये होती तश्शी. तीन दुरुस्त्या, आणि कोणी ते उघडलंच नव्हतं. आणि मी त्या कागदाला जपत बसले.

२ जुलै
सील मी फाडलं. आत स्पीकरची एक तार सुटायला आली होती. दुकानात टेकायची, बसमध्ये हलायची. शंभूदादाने ती डाग देऊन जोडली. दहा मिनिटंसुद्धा नाहीत. मग म्हणाला, "रेकॉर्ड सगळां जातालां गो बाय. आयकूक फक्त येय नाशिल्लां." म्हणजे एप्रिलपासून सगळं कॅसेटवर उतरत होतं.

कपाटातली कॅसेट लावली. माझा आवाज. राज्य, बातमी, अग्रलेख. स्पष्ट उच्चार. वीस मिनिटं. मग खट् — आणि आई. तिसऱ्या गाण्याच्या शेवटच्या दोन ओळी. मग तिचा श्वास.

"जालां मगे? बरां इलां काय गो, बाय?"

एप्रिलमध्ये मी उत्तर दिलं नव्हतं. बटण दाबलं होतं.

मागे वळले. आई दारात उभी होती, पाटी हातात. कोरी.