तळ्याच्या चित्रातली निळी पट्टी

तीर्थरूप काका,

साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? (काकू बरा म्हणतात, पण गुडघा त्यांचा नाही.) घड्याळांचं दुकान बरं चाललं असेल. मी बरा नाही.

तळ्याभोवतीच्या झाडांवर मी ध्वनिमुद्रक बांधलेत, हे तुम्हाला ठाऊक नसावं. तिथले आवाज ऐकायचे आणि लांब कापडावर रंगवायचे: खर्जातले खाली, बारीक वर, प्रत्येक जिवाला त्याचा रंग. कोण कुठे टिकून आहे, ते असं दिसतं. रस्त्याच्या बाजूला कापड जवळजवळ कोरं आहे. नगरपालिकेला तळं बुजवून तिथे गाड्या उभ्या करायच्या आहेत. समिती उद्या कापड बघून ठरवणार.

कापडाच्या तळाशी रोज दुपारी एक रुंद निळी पट्टी येते. बेडकांच्या अभ्यासक बाईंनी तो आवाज ऐकला आणि त्या खुर्चीतून उठल्याच. "हा बेडूक इथून गेला असं मीच छापून बसलेय, आणि हा बघा, किती निवांत!" मीही मान डोलावली. तळं वाचलं असं धरून चाललो.

मग रविवारी तुमच्याकडे जेवलो. जेवणानंतर तुम्ही खुर्चीत डोळे मिटलेत आणि माझ्या हातातला पेला निसटला. दोन लांब ओढी, मध्ये थांबा, मग बारीक शीळ. काकू ओरडल्या, "अहो उठा, पोराला भोवळ येतेय!" तुम्ही उठलात. बेडूक थांबला.

ध्वनिमुद्रकाच्या एका झाडाखाली बाक आहे; रोज दुपारी त्यावर झोपणारे तुम्हीच, हे तेव्हा कळलं. (दुपारी तुम्ही दुकानात असता असं काकू समजतात. मी काही बोललो नाही.) तेव्हापासून अन्न गोड लागत नाही. बाईंना सांगावं तर तळं जातं. न सांगावं तर त्या बेडूक शोधत बाकाखाली वाकणार.

आशीर्वाद असावा, उद्या जरा जास्तच.

तुमचा पुतण्या

ता. क. समिती उद्या दुपारी स्वतः ऐकायला येतेय. बाकावर नको; मागच्या झुडपात चटई घातली आहे. उशीसुद्धा.

पुन्हा ता. क. चटई रद्द. पत्र दुकानाच्या दाराखालून सरकवण्याआधी कालचा आवाज ऐकला. निळी पट्टी आहे! काल तर तुम्ही परगावी मित्राकडे होतात, काकूंनीच सांगितलं. म्हणजे बेडूक आहे, काका, खराखुरा आहे. फक्त एक ओळ लिहून पाठवा, काकूंना दाखवणार नाही: तुम्ही गेला होतात ना?