कुत्र्याला मराठी कळतं

सनाबिस, बहरीन,
मंगळवार, १२ नोव्हेंबर २०२४

अहो श्रेयाचे बाबा,

सा. न. वि. वि. इकडे मी आणि श्रेया खुशाल आहोत. तुमची खुशाली कळवावी, असं पुढे लिहायची माझी जुनी सवय. एकाच पंख्याखाली झोपणाऱ्या नवऱ्याला काय खुशाली विचारायची! पण विचारतेय. खरंच विचारतेय.

हसू नका. लग्नानंतर तुम्ही इकडे आलात आणि आमच्या वाडीत रेंज नव्हती, तेव्हा लिहायचे तशीच लिहितेय. तोंडाने बोलले की मी भांडते आणि कागदावर शहाण्यासारखी वागते, असं तुम्हीच म्हणायचात. मला आत्ता भांडायचं नाहीये. निदान सुरुवातीला तरी नाही.

तर आधी कुत्र्याचं सांगते.

श्रेयाच्या बसस्टॉपवरून घरी येताना तो मोकळा प्लॉट लागतो ना, अर्धवट बांधलेल्या भिंतीचा? मध्यंतरी एकदा तुम्ही बजावलंत, "प्लॉटवरून यायचं नाही, रस्त्याने फिरून या." का, ते सांगितलं नाहीत. मी "बरं" म्हटलं आणि प्लॉटवरूनच येत राहिले. दप्तराचं ते ओझं घेऊन पोरीने उगाच वळसा का घालायचा?

गुरुवारी दुपारी तो अंगावर आला. तपकिरी, एक कान फाटलेला. सिमेंटच्या ब्लॉकमागून जो सुटला तो थेट दात विचकत आमच्यासमोर. श्रेया किंचाळली. मी "हाड! हाड!" केलं, तर ढिम्म हलेना. म्हटलं, इथला कुत्रा, ह्याला मराठी काय कळणार? मग ओरडले, "यल्ला! यल्ला!" इथे सगळे आपल्याला तसंच म्हणून हाकलतात ना! तर तो आणखीच पुढे. श्रेयाला पाठीमागे घेतलं, तिचं दप्तर पुढे धरलं आणि मागे सरत सरत कशीबशी रस्त्याला लागले.

खालच्या मजल्यावरच्या खदिजाभाभींना सांगितलं तर त्या हसून हसून बेजार. "अगो शेवंती, यल्ला म्हणजे चल, ये लवकर! तू त्याला आवताण देत होतीस." मग डोळे पुसून म्हणाल्या, "हे बघ, पळायचं नाही. पळालीस की तो मागे लागणारच. पाठ दाखवायची नाही, डोळ्याला डोळा भिडवायचा नाही. उभं राहायचं खांबासारखं. नाहीतर सरळ रस्त्याने जा आपली."

मी म्हटलं, रस्त्याने नाही जायची. मेल्याच्या बापाचा प्लॉट आहे काय? पण घरात वेगळीच पंचाईत. श्रेया म्हणाली, "आय ॲम नॉट गोइंग टू स्कूल, आई. नेव्हर." कालपर्यंत बस चुकली की रडणारी पोर! तेव्हाच ठरवलं, आज हिने प्लॉट सोडला तर उद्या ही दार सोडणार नाही. तुम्हाला सांगायचं नाही असंही मीच तिला बजावलं. तुमचं ऐकलं नाही म्हणून ओरडा खाल्ला असता ना!

शुक्रवार-शनिवार सुट्टीचे गेले. रविवारी सकाळी तिला शाळेच्या बसला जवळजवळ ओढतच नेली. दुपारी परत येताना प्लॉटच्या तोंडाशी म्हटलं, माझा हात धर आणि खांब हो. कुत्रा आला. गुरगुरतोय, आम्ही उभ्या. आणि तुमची लेक! तिचा पारा चढला. बोट रोखून ओरडली, "यू! यू बॅड डॉग! यू! यू!"

अहो, तो थांबला. फाटका कान टवकारला. आणि शेपूट हलवत, लाडात आल्यासारखा तिच्या पायाशी येऊन बसला की हो!

श्रेयाला वाटलं, तिच्या इंग्लिशला घाबरला. मोठ्या ऐटीत घरी आली. मला मात्र रात्रभर चैन पडेना. "हाड" न कळणाऱ्या कुत्र्याला "यू यू" कळतं? म्हणजे ह्याला आजवर कोणी हाकललेलं नाही, नुसतं जवळ बोलावलंय. आणि ते आपल्या भाषेत. इथे कुत्र्याला "यू यू" कोण करतं? आपल्याकडे तर सगळेच करतात. पाटावर बसून, हातात भाकरीचा तुकडा घेऊन.

आता डब्याचं.

तुम्हाला वाटत असेल, बायकोला काही कळत नाही. लग्न झाल्यापासून तुम्ही पाण्याचा पेला विसळलेला मी पाहिला नाही. डब्याच्या झाकणात बांगड्याचे काटे, मिरचीची देठं, सगळं साठवून आणायचात आणि मी बडबडत घासायचे. हल्ली डबा लखलखीत धुतलेला येतो. काटा नाही की देठ नाही. मी म्हटलं, चला, सुधारला माणूस! खदिजाभाभींपाशी कौतुकही केलं. मूर्ख मी.

काल दुपारी, श्रेयाची बस यायच्या कितीतरी आधी, एक भाकरी घेऊन प्लॉटवर गेले. त्या कुत्र्याशी एकदाचं सख्य करायचं होतं. भिंतीच्या कडेला पोचले तर आतून आवाज आला, "यू यू, ये रे, ये."

तुम्ही होतात. ऐन कामाच्या वेळी, पुठ्ठ्यावर बसलेले. कंपनीचा तोच निळा शर्ट, जो मी रोज सकाळी इस्त्री करते. डबा पुढ्यात उघडा, आणि माझ्या हातची भाकरी तुम्ही मोडून मोडून त्याला भरवत होतात. स्वतः एक घास घेतला नाहीत. त्याच्याशी काहीतरी बोलत होतात. काय ते ऐकू आलं नाही. घरी इतकं बोलत नाही तुम्ही हल्ली.

मी तशीच मागे फिरले. रडू फुटलं. घरी येईपर्यंत राग आला. नोकरी गेल्याचा नाही हो! नोकरी जाते, एसी दुरुस्त करणाऱ्या कितीतरी जणांची गेली. कुत्र्याला कळलं आणि मला नाही, ह्याचा. मी काय गुरगुरले असते? बरं, थोडी गुरगुरले असते. पण मग शेजारी बसले असते ना?

---

बुधवार, सकाळ

तुम्ही आंघोळीला गेलात. रात्री हे फाडून टाकावंसं वाटलं होतं, टाकलं नाही. आता डब्यात भाकऱ्यांवर ठेवतेय. शर्टाला आज इस्त्री केलेली नाही. विचारलंत तर लाइट नव्हती म्हणेन.

हे वाचताना तुम्ही भिंतीच्या सावलीत असाल आणि तो समोर लाळ गाळत असेल. त्याला आधी त्याची भाकरी द्या, वरची जाड त्याची आहे. खालच्या तुमच्या. त्या तुम्हीच खायच्या, माझी शपथ. गळ्याची हाडं दिसायला लागलीत.

आता नीट ऐका. नोकरी कधी गेली, का गेली, हे मी भांडणात काढणार नाही. व्हिसाचं काय ते मात्र खरं खरं सांगायचं, गोड करून नाही. खदिजाभाभींच्या सिराजभाईंना तिकडे हूरा भागातल्या वर्कशॉपमध्ये माणूस हवा आहे, असं भाभी बोलता बोलता म्हणाल्या. मी तुमचं नाव काढलेलं नाही. तुम्ही "हो" म्हटल्याशिवाय काढणारही नाही. आणि काहीच जमलं नाही, तर गावी जाऊ. माझी त्याला तयारी आहे. गावची माणसं चार दिवस बोलतील, मग त्यांनाही कंटाळा येईल. मला तोंड आहे, मी बघून घेईन.

तुम्ही फक्त पळायचं थांबवा. खदिजाभाभी कुत्र्याचं सांगत होत्या, पण मला परवा तुमच्याकडे बघून तेच आठवलं.

दुपारी श्रेयाला आणायला बसस्टॉपवर तुम्हीच या. मीही येईन. येताना तिघं प्लॉटवरूनच येऊ. पोरीला सांगा, तो इंग्लिशला नाही, तिच्या बाबांना ओळखतो. विचारेल, बाबा इथे कशाला येत होते? तर सांगायचं. माझ्यादेखत सांगायचं.

उद्यापासून डबा मिळणार नाही. जेवायला घरी यायचं, ताटावर.

आणि आजचा डबा धुऊ नका. खरकटा आणा, काटे झाकणात ठेवून. मी घासते.

तुमचीच, उभी असलेली,
शेवंती