श्रीमती वल्लरी कोठारे यांच्या सेवापुस्तकातील शेऱ्याबाबत

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक),
मुंबई.

अर्जदार : श्रीमती कौसल्या नाखवा, मुख्याध्यापिका, अंकुरमाला प्राथमिक शाळा, लालबाग.

विषय : माजी सहशिक्षिका श्रीमती वल्लरी कोठारे यांच्या सेवापुस्तकातील 'अध्यापनात रस नाही' हा शेरा रद्द होणेबाबत.

संदर्भ : शाळा समितीने आपणास सादर केलेला शिक्षक समाधान अहवाल, दि. २८ फेब्रुवारी २०२५.

महोदय,

१. अर्जदार ही सदर शाळेची मुख्याध्यापिका असून पदसिद्ध नात्याने शाळा समितीची सचिव आहे. सभेत काय लिहायचे ते समिती ठरवते आणि लिहिते अर्जदार. प्रस्तुत शेराही अर्जदाराच्याच हस्ताक्षरात आहे, हे आरंभीच नमूद करणे भाग आहे.

२. श्रीमती कोठारे सतरा वर्षे पहिलीचा वर्ग सांभाळत होत्या. गेल्या वर्षी त्यांच्या वर्गात जुई नावाची मुलगी आली. घरी अखंड बडबडणारी ही मुलगी शाळेत पाच महिने तोंड उघडत नव्हती. कोठारेबाईंनी तिला 'बोल' असे एकदाही म्हटले नाही. डबा खाताना त्या रोज तिच्या शेजारी जमिनीवर बसत. नोव्हेंबरात एके दिवशी जुई म्हणाली, "बाई, तुमच्या भाजीत मीठच नाहीये." कोठारेबाई तशाच उठून अर्जदाराच्या खोलीशी आल्या आणि दारातच रडू लागल्या.

३. त्याच सुमारास पट वाढवण्यासाठी समितीने ठराव केला की, शिक्षकांनी रोज दोन तास करी रोडच्या टॉवरांत प्रवेशाची पत्रके वाटावीत. तेवढा वेळ दोन-दोन वर्ग एकत्र बसवले गेले. ठरावापूर्वी एकाही शिक्षकाला विचारले नव्हते. समितीतील शिक्षक प्रतिनिधीची जागा दोन वर्षे रिकामी आहे. ती भरावी असे अर्जदाराने एकदा सुचवले, पुन्हा सुचवले नाही. टॉवरच्या वॉचमनने कोठारेबाईंचे नाव न विचारता वहीत 'पत्रकवाली' असे लिहिले आणि त्यांना आत सोडले नाही.

४. डिसेंबरात समितीने शिक्षकांकडून समाधान पत्रके भरून घेतली, तीही नावानिशी. "खरं लिहू का, मोठ्या बाई?" असे कोठारेबाईंनी विचारले. अर्जदार म्हणाली, "लिहा की. गोपनीय आहे." 'आपण कामाबद्दल समाधानी आहात काय?' यापुढे त्यांनी लिहिले, 'वर्गात आहे. पण वर्गात राहू दिले जात नाही.' अर्जदाराने स्वतः 'पूर्ण समाधानी' असे लिहिले.

५. दि. १० जानेवारीच्या सभेत अध्यक्ष श्री. हितेंद्र सामंत यांनी ते पत्रक वाचून दाखवले. कोठारेबाईंना बोलावून उभे केले होते. अध्यक्ष म्हणाले, "यांना शिकवायचंच नाहीये. सरळ तसं लिहून टाका, नाखवाबाई." कोठारेबाईंनी अर्जदाराकडे पाहिले. आपणच त्यांना खरे लिहायला सांगितले, एवढे एक वाक्य अर्जदाराने बोलायचे होते. अर्जदाराच्या निवृत्तीला चौदा महिने उरले होते. अर्जदाराने मान खाली घातली आणि लिहिले.

६. दुसऱ्या दिवसापासून कोठारेबाईंचा वर्ग काढून घेऊन त्यांना कार्यालयात संगणकावर माहिती भरायला बसवले. जुई चार दिवस मधल्या सुट्टीत डबा घेऊन कार्यालयाच्या दारात उभी राहिली. शिपायाने चारही वेळा तिला वर्गात नेऊन सोडले. पाचव्या दिवशी ती आली नाही. वर्गातही ती पुन्हा बोलेनाशी झाली. दि. ३ फेब्रुवारीस कोठारेबाईंनी राजीनामा दिला.

७. त्यानंतर आपणास गेलेल्या संदर्भीय अहवालात 'शाळेतील शंभर टक्के शिक्षक समाधानी आहेत' असे म्हटले आहे. असमाधान लेखी नोंदवणाऱ्या त्या एकट्याच होत्या आणि त्या तोवर गेल्या होत्या. अहवालाखाली सही अर्जदाराची आहे.

८. मे महिन्यात अर्जदार ठाकूरद्वारला त्यांच्या घरी गेली. त्यांनी चहा केला, विचारपूस केली, कसलाही दोष दिला नाही. दादरच्या एका शाळेत त्यांचा नमुना पाठ सर्वांना आवडला होता. सेवापुस्तक पाहिल्यावर मात्र नकार आला. सध्या त्या गिरगावात दिरांच्या चष्म्याच्या दुकानात बसतात. निघताना त्यांनी विचारले, "जुई बोलते ना हो आता?" अर्जदार म्हणाली, "बोलते." ते खरे नव्हते. जिना उतरेपर्यंतही अर्जदाराला रडू आवरले नाही.

९. सबब विनंती की, सदर शेरा रद्द करावा. तो खोटा असून तो लिहिणाऱ्या व्यक्तीस लिहितेवेळीच ते ठाऊक होते, अशी नोंद घ्यावी. आणि त्याबद्दल अर्जदारावर योग्य ती कारवाई करावी. कारवाईस अर्जदाराची हरकत नाही. आदेश निघाल्यास तो कृपया श्रीमती कोठारे यांच्या घरच्या पत्त्यावर टपालाने पाठवावा. शाळेच्या पत्त्यावर आल्यास तो त्यांना नेऊन देण्याचे काम माझ्याकडे येईल, आणि त्या दारात पुन्हा उभी राहण्याचे धैर्य माझ्यात नाही.

आपल्या निर्णयाच्या प्रतीक्षेत,
आपली नम्र,
(सही)
कौसल्या नाखवा
लालबाग, दि. १६ जून २०२५

सोबत : १) सेवापुस्तकातील संबंधित पानाची प्रत. २) दि. १० जानेवारीच्या सभेचे इतिवृत्त. ३) दोन समाधान पत्रके : श्रीमती कोठारे यांचे व अर्जदाराचे.