रविवारची गोळी

गुरुवार, १४ नोव्हेंबर

ती. दादा,

नमस्कार. आम्ही सगळे ठीक आहोत, असं लिहायची सवय म्हणून लिहिलं. वहिनीला सांग, तिने पाठवलेला स्वेटर बाबांना फार ढगळ होतो. ते खूप वाळलेत रे.

पत्र बघून दचकू नकोस. फोनवर बोलायला गेले की बाबांचे कान इकडेच. किडन्या गेल्या, पण कान शाबूत! जन्मभर गॅरेजमध्ये नुसत्या आवाजावरून गाडीचं दुखणं सांगणारा माणूस तो.

डायलिसिस नको, हे बाबांनीच ठरवलं, डॉक्टरांसमोर, पूर्ण शुद्धीत. तू चिडलास. मग एका रविवारी फोनवर त्यांची जीभ जड लागली, तर मला म्हणालास, "गुंगीत ठेवून मारताय तुम्ही त्यांना." फार लागलं ते मला. त्या दिवशी मी भांडी इतकी आपटली की शेजारच्या काकू विचारायला आल्या.

नेहमीच्या दुखण्याच्या गोळ्या त्यांना चालत नाहीत. ही वेगळी गोळी आहे, तिने थोडी गुंगी येते. घरी येणाऱ्या नर्सबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, किडनी औषध बाहेर टाकत नाही, ते अंगात रेंगाळतं, म्हणून मात्रा थोडीच द्यायची, पण वेळ चुकवायची नाही. दुखायला लागायची वाट बघायची नाही.

आणि मी वेळ चुकवत होते. तुझा फोन अकराला येतो, म्हणून रविवारी सकाळी आठची गोळी मी द्यायचेच नाही. बाबा टवटवीत बोलावेत आणि तुझं तोंड बंद व्हावं, एवढ्यासाठी. चार रविवार.

गेल्या रविवारी तू फोन तुझ्या गाडीच्या इंजिनाजवळ धरलास. बाबा म्हणाले, "बेल्ट बदल रे, गाढवा!" तू खो खो हसलास. तेव्हा त्यांनी खाटेचा दांडा असा आवळला होता की बोटं पांढरी पडली होती. फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "झालं ना त्याचं समाधान? आता दे, बाई."

त्यांना पहिल्यापासून माहीत होतं, दादा.

सोमवारी नर्सबाईंनी विचारलं, "रविवारीच इतकं कसं दुखतं?" मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "मीच नको म्हणतो. हिला ओरडू नका." मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. काल नर्सबाईंना सगळं खरं सांगून टाकलं. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

तुझ्यावर ढकलत नाहीये. तू बोललास, पण गोळी मी अडवली.

येत्या रविवारी आठला गोळी दिलेली असेल. अकराला बाबा झोपलेले असतील, नाहीतर अडखळत बोलतील. तुला ते ऐकवलं नाही, तर फोन ठेव आणि इकडे ये. उशाशी बस. त्यांनी बोललंच पाहिजे असं काही नाही.

तुझ्यापुढे खरी ठरावी म्हणून बाबांना दुखू देणारी,
तुझी धाकटी