सोड्यांची पुडी आणि फौजदारावरचा दावा

आये, तुझा निकाल आता कुणालाही वाचता येतो. कोर्टाच्या वेबसाइटवर तुझं नाव टाकलं की समोर त्या फौजदाराचं नाव येतं आणि शेवटी ‘दावा मंजूर’. मोबाइलवर ते पाहून मी एकटीच हसले. रोज तुझ्या टोपलीतली पापलेटं फुकट उचलायचा. एकदा तू त्याचा हात धरलास, तर त्यानं टोपली लाथाडली आणि भर बाजारात तुला थोबाडीत मारली. भाऊबंद म्हणाले, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? तू म्हणालीस, "मी मासं इकतंय, माशाला काय भियाचंय!" आणि सरळ वकील गाठलास.

साक्षीचा दिवस अजून डोळ्यांपुढे आहे. तू पिंजऱ्यात उभी राहतेस आणि पदराआडून सुक्या कोलंबीची, सोड्यांची पुडी काढून जज्जसाहेबांपुढे धरतेस. कुणाच्या दारात रिकाम्या हातानं जायचं नाही, एवढंच तुझ्या मनात. मी कपाळाला हात लावते. फौजदाराचा वकील टपलेलाच असतो. "पाहा साहेब, बाईंना फुकट वाटायची सवयच आहे. आमच्या अशिलालाही मासे अशाच स्वखुशीनं द्यायच्या." झालं, सगळं मुसळ केरात! तू मात्र शांत. "मी दिला ता येगळा, साहेब. त्याने उचललान ता येगळा." जज्जसाहेबांनी पुडी परत करायला लावली, पण वाक्य लिहून घेतलं. निकालपत्रात ते तुझ्याच शब्दांत आहे. वाचताना ऊर भरून येतो गं.

शेजारची नवी सून गणपतीपुळ्याला शहाळी विकते. परवा मी तिच्या सोबतीला गेले होते, तर एका हवालदारानं पैसे न देता शहाळं पिऊन वर तिचा गाडा उलटवला. "आपल्यासारख्यांचा कोण ऐकणार हाय, काकी?" म्हणून रडत बसली. मी तिला तुझा निकाल वाचून दाखवला, ते वाक्य दोनदा. डोळे पुसलेन आणि उठली. काल आम्ही दोघी तक्रार देऊन आलो, येताना भजी खाल्ली, पोट दुखेपर्यंत हसलो.

तू आता नाहीस, हे पत्र कुठल्या पेटीत पडायचं नाही, म्हणूनच लिहिते. त्या तक्रारीवर साक्षीदार म्हणून माझी सही आहे. घरात अजून कुणाला बोललेले नाही. तुला पहिल्यांदा सांगितलं, कारण तू एकटीच मला अडवणार नाहीस.