आमचाच मका हिरवा

९ फेब्रुवारी

आजही नाही. ढगाचा ठिपकासुद्धा नाही.

सकाळी शेतावर गेले. रस्त्यापलीकडे त्वाम्बोच्या आईचा मका – पानांच्या सुरळ्या झाल्यात, बुडापासून पिवळा पडत चाललाय. अलीकडे आमचा. हिरवागार! माझ्या डोक्याच्या वर गेलाय. आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. सगळ्या माळावर एवढाच तुकडा हिरवा. चर्चच्या टेकडीवरूनही दिसतो.

मी केलं काय? पावसाआधी नांगर न लावता खड्डे खणले, त्यांत शेण घातलं. मागच्या वर्षीची धाटं जाळली नाहीत, गुरांना घातली नाहीत, तशीच जमिनीवर पसरून ठेवली. त्याखाली ओल टिकते. एवढंच. तेव्हा गाव हसला होता. सासूबाई तर अजून म्हणतात, "शेत आहे की उकिरडा? चार बायकांत तोंड दाखवायची सोय ठेवली नाही या बाईनं."

११ फेब्रुवारी

हापशावर पोचले आणि बोलणं थांबलं.

मग त्वाम्बोची आई म्हणाली – हसतच म्हणाली, पण माझ्याकडे न बघता – "लुयांडोच्या आई, सगळ्यांचा पाऊस तुमच्याच शेतात बांधून ठेवलाय का गं?"

मीही हसले. घागर अर्धीच भरून निघाले.

१२ फेब्रुवारी

त्वाम्बोच्या घरी भोपळ्याचा पाला पाठवला. लुयांडो तसाच परत घेऊन आली. "नको म्हणाल्या. आई, त्या माझ्या हाताला हात लावत नाहीत."

१५ फेब्रुवारी

शेतात कुणीतरी खणलंय! रात्रीतून. मधल्या ओळींत सात-आठ झाडं उपटून टाकलीत, खाली हातभर खड्डे. मुसांगूच्या झाडाच्या बुंध्याशी तर खूपच खोल. चोरी नाही – उपटलेली झाडं तिथंच पडलेली. काहीतरी पुरलेलं शोधत होते. हाड, बाहुली, काय असेल ते.

त्या झाडावरून पूर्वीही कुजबूज होतीच. पावसात सगळी झाडं पालवतात आणि हे उघडंबोडकं होतं. त्याचा पाला पडतो म्हणून तर खालची माती काळी आहे. सासऱ्यांनी लावलेलं.

खड्ड्यात हात घातला. ओली, गार माती. कुजलेली धाटं. त्यांनाही तेच सापडलं असणार. ओल बघून आणखीच घाबरले असतील.

सासूबाईंना सांगितलं. त्या काही टोचून बोलल्या नाहीत. याचीच जास्त भीती वाटली.

१६ फेब्रुवारी

यांचा लिव्हिंगस्टोनहून फोन. हॉटेलची ड्युटी संपवून बोलत होते. कुणीतरी तिकडेही कळवलंय.

"रस्त्याकडच्या ओळी कापून टाक."

"कणसं धरायला लागलीत अहो!"

"काप म्हणतोय ना! लोकांच्या डोळ्यांवर यायला नको. मागच्या वर्षी पलीकडच्या गावात म्हातारीचं घर पेटवलं, विसरलीस?"

विसरले नाही.

१७ फेब्रुवारी

कापल्या. स्वतःच्या हातांनी. विळा चालवताना तोंडात डोक्याचं फडकं कोंबलं होतं. दुपारपर्यंत उन्हात सुकून रस्त्याची कड इतरांसारखी करडी दिसायला लागली. बरं वाटलं! कापलेल्या मक्याकडे बघून बरं वाटलं – काय झालंय माझं?

१९ फेब्रुवारी

काही उपयोग नाही. हापशावर म्हणतात, "लपवायला लागली म्हणजे आहेच काहीतरी."

त्वाम्बोला ताप आहे. गावप्रमुखांनी मांत्रिक बोलावलाय. परवा सगळ्यांनी जमायचं, घरात कुणी मागं राहायचं नाही.

२० फेब्रुवारी

जेवण गेलं नाही. लुयांडोला माझ्या बहिणीकडे पाठवावं तर म्हणतील पळवली.

२१ फेब्रुवारी

लिहायलाच हवं.

सगळा गाव अंजिराच्या झाडाखाली. मांत्रिक तरुण, पायात चांगले बूट, हातात आरसा. एकेकासमोर थांबत, आरसा फिरवत आला. माझ्यासमोर आला आणि पुढे सरकेना. तो तोंड उघडणार –

तेवढ्यात सासूबाई काठी टेकत उठल्या. "तिला काय विचारतोस रे? तिला धड मक्याच्या पिठाचा न्शिमा ढवळता येत नाही, गाठी राहतात. ती काय चेटूक करणार! मी केलंय."

लोक मागं सरले. बायकांनी मुलं उचलली.

प्रमुख सियाम्वींगा ओरडले, "काय केलंस? बोल! सगळं सांग!"

"सांगते की. लिहून घ्या पाहिजे तर. पावसाआधी खड्डे खणायचे, नांगर लावायचा नाही. खड्ड्यात शेण. धाटं जाळायची नाहीत. मुसांगूला कुऱ्हाड लावायची नाही. झालं. हेच माझं चेटूक. ज्याला उतारा हवाय त्यानं स्वतःच्या शेतात हेच करावं. नाहीतर भोगावं."

एकेक शब्द माझा! वर्षभर त्यांना सांगत होते आणि त्या तोंड फिरवून तपकीर ओढत होत्या. सगळं ऐकत होत्या तर.

मी उठले नाही. 'खोटं बोलतायत' म्हणाले नाही. लुयांडोला घट्ट धरून बसून राहिले.

२२ फेब्रुवारी

निकाल – सासूबाईंनी गाव सोडायचा. भावाकडे, ल्वेंदोमामांकडे जायचं, खाली खोऱ्यात, तळ्याकाठी. प्रमुखांचा मुलगा चिमुका गाडीतून सोडेल.

मी म्हटलं, मी येते सोबत. "आणि शेत? तुझी पाठ वळली की गुरं घालतील. बस इथं." मग हळू – "पोरीला एकटीला हापशावर धाडू नकोस."

एक चादर आणि तपकिरीची डबी, एवढंच नेलं. चिमुकाबरोबर आणखी दोघं बसले. कशाला दोघं?

२४ फेब्रुवारी

चिमुका परत आला. "सोडलं. खुशाल आहे म्हातारी. मामानं कोंबडी कापली." माझ्याकडे बघत नव्हता – पण आता माझ्याकडे कोणीच बघत नाही.

खोऱ्यात फोन लागत नाही.

३० मार्च

त्वाम्बो बरा झाला. आमची कणसं भरली. कुणी हात लावत नाही. चोरसुद्धा नाही.

८ मे

मका घरात आला. गावात कुणाकडे पोतंभरही नाही. शेजारपाजारी वाटला. घेतला – दाराबाहेर उभं राहून.

हे सुट्टीवर आले की खोऱ्यात जाऊन आईला भेटणार आहेत. हॉटेलवाले सुट्टी देत नाहीत.

२ जुलै

त्वाम्बोची आई कुंपणाशी आली. "खड्डा... केवढा खणायचा?"

कोपरापर्यंत हात दाखवला. मान हलवून गेली.

१३ जुलै

सगळा गाव खणतोय! एकानंही धाटं जाळली नाहीत. प्रमुखांनी गुरं कोंडलीत. कुणाला पटलंय म्हणून नाही – भितात म्हणून. त्यांना समजावून सांगावंसं वाटतं. पण भीती गेली तर गुरं सोडतील. गप्प राहते. सासूबाई इथं असत्या तर बघून पोट धरून हसल्या असत्या. पुढच्या महिन्यात हे येतायत. मीही जाणार, पीठ घेऊन.

२१ जुलै

दुपारी ल्वेंदोमामा आले. खोऱ्यातून, पाठीवर सुक्या मासळीचं गाठोडं. अंगणात टेकले, पाणी प्याले आणि घराकडे तोंड करून मोठ्यानं हाक मारली – "ताई! अगं, वर्ष झालं भेटून. ये की बाहेर!"